कंप्रेसर घ्या, पण ‘डायरेक्ट’ चालवू नका



आज पिकाची नोंद नाही, शेडची आहे. आपल्या राजुरा-कोरपना पट्ट्यात जुने कारखानी कंप्रेसर आता बऱ्याच शेडमध्ये दिसतात. कोणी ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकात हवा भरायला घेतो, कोणी मळणी झाल्यावर हार्वेस्टरच्या रेडिएटरमधला भुसा उडवायला. कोणी अवजारं रंगवायला, तर एखादा गट दालमिलच्या सॉर्टेक्सला हवा द्यायला. माझ्याकडं पण आहे. दहा एचपीची थ्री फेज मोटार, दोन सिलिंडर, बेल्टवर चालणारा. म्हणून ‘घेऊ नका’ असं मी सांगणार नाही. जुना चांगला मिळाला तर जरूर घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की मोटारीची कंट्रोल वायरिंग हा यंत्राच्या किमतीचाच भाग धरा. स्टार्टर, ओव्हरलोड, प्रेशर स्विच, फेजचं संरक्षण, अर्थिंग हे सगळं लागल्याशिवाय यंत्र घेतलं असं म्हणू नका. आणि ‘डायरेक्ट करून देतो’ हा शब्द आपल्या शेडमधून कायमचा काढा.

यंत्र येतं, त्याचे राखणदार येत नाहीत

आपल्याकडं ही यंत्रं येतात कुठून ते पाहा. राजुऱ्याच्या भोवती कोळसा खाणी आहेत, गडचांदूर-आवारपूर-उपरवाहीकडं सिमेंटचे कारखाने आहेत, नदीपलीकडं बल्लारपूरची पेपर मिल आहे. अशा मोठ्या उद्योगांच्या आजूबाजूला वर्कशॉप, टायरवाले, ठेकेदार असतात. यंत्र जुनं झालं की लिलावात किंवा भंगारात निघतं आणि दोन-तीन हात फिरून आपल्या बांधावर येतं.

कारखान्यात असताना या यंत्रामागं माणसं आणि कायदा होता. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम २१ प्रमाणं फिरत्या भागाला जाळी-आवरण लागायचं. कलम ३१ प्रमाणं दाबावर चालणाऱ्या टाकीचा दाब सुरक्षित मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून उपाय करावे लागायचे. पाळीचा इलेक्ट्रिशियन होता, फिटर होता, नोंदवही होती. यंत्र गेटबाहेर पडलं की यातलं काहीच सोबत येत नाही. बहुतेक वेळा पॅनेलसुद्धा येत नाही, कारण तांब्याला आणि काँटॅक्टरला वेगळा भाव मिळतो. आपल्या हाती येतो मोटार, हेड, टाकी आणि कापलेल्या केबलचे सहा तुकडे.

मग आपण काय करतो? विहिरीवरचा जुना स्टार्टर काढून त्याला लावतो. किंवा तोही नाही, सरळ मेन स्विच. इथूनच गडबड सुरू होते.

पंप आणि कंप्रेसर एका जातीचे नाहीत

आपला सगळा अनुभव पाण्याच्या मोटारीचा. पंप सुरू होतो तेव्हा त्याच्यावर भार कमी असतो. पंखा जसजसा वेग घेतो तसतसा पाण्याचा भार वाढतो. त्यामुळं मोटारीला सुरुवातीला दम लागत नाही.

पिस्टनच्या कंप्रेसरचं उलट आहे. टाकीत पाच किलो दाब आहे आणि तोच दाब हेडच्या नळीत अडकून राहिला, तर पहिल्याच फेऱ्याला मोटारीला त्या दाबाविरुद्ध पिस्टन रेटावा लागतो. भरलेली बंडी चढावर उभी आहे आणि बैलाला जागेवरून ओढायला सांगितलं, तसं.

आता आकडे पाहा. दहा एचपीची मोटार पूर्ण भारावर अंदाजे १४ अँपिअर घेते. डायरेक्ट सुरू केली तर सुरुवातीचा झटका सहा पट, म्हणजे ८४ अँपिअरच्या घरात. आपल्या शिवारातल्या ६३ केव्हीएच्या डीपीची पूर्ण भाराची क्षमता किती? तीही ८४ अँपिअरच. म्हणजे तुम्ही एक खटका दाबला की तेवढे क्षण तुमची एक मोटार पूर्ण डीपीएवढा करंट ओढते. त्याच डीपीवरच्या बाकीच्यांचे पंप त्या वेळी मान टाकतात. फ्यूज उडाला तर सगळ्यांचंच पाणी बंद.

म्हणून एवढ्या मोटारीला स्टार-डेल्टा स्टार्टर लावतात. स्टारमध्ये करंट एक तृतीयांश होतो, २८ च्या आसपास. पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: मोटारीचा जोरही एक तृतीयांशच होतो. त्यात आपल्याकडं डीपीच्या शेवटच्या टोकाला ४१५ च्या जागी ३५० व्होल्ट मिळाले, तर जोर आणखी पडतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गावर चालतो. हिशेब केला तर पूर्ण जोराच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी उरतो. एवढ्यात ती बंडी हलत नाही. मोटार घुमते, टायमर डेल्टावर टाकतो, मोठा झटका बसतो, बेल्ट चिरकतो आणि आपण म्हणतो, ‘स्टार्टर खराब निघाला.’

स्टार्टर खराब नसतो. अनलोडर लावलेला नसतो.

अनलोडर म्हणजे मोटार थांबल्यावर हेड आणि टाकीमधल्या नळीतली अडकलेली हवा बाहेर सोडणारा छोटा व्हॉल्व. बऱ्याच प्रेशर स्विचच्या बाजूलाच तो असतो. कंप्रेसर बंद झाला की ‘फुस्स’ असा आवाज येतो ना, तो हा. टाकीची हवा परत येऊ नये म्हणून टाकीच्या तोंडाशी नॉन रिटर्न व्हॉल्व असतो. दोघं मिळून काम करतात. जुना कंप्रेसर घेताना हा आवाज कानानं ऐका:

– बंद केल्यावर दोन-चार सेकंद फुस्स होऊन थांबलं, तर दोन्ही ठीक.
– आवाजच आला नाही, तर अनलोडर जाम आहे किंवा काढून टाकलाय.
– फुस्स चालूच राहिलं आणि काटा खाली येऊ लागला, तर नॉन रिटर्न व्हॉल्व गळतोय.

स्टार-डेल्टावर चालवत असाल तर आणखी एक चांगली सोय आहे. छोटा सोलेनॉइड व्हॉल्व असा जोडायचा की स्टारमध्ये असेपर्यंत हवा बाहेर जाईल आणि डेल्टाचा काँटॅक्टर लागल्यावरच व्हॉल्व बंद होईल. मोटार आधी पूर्ण वेग घेते, मग तिच्यावर भार येतो. काही मोठ्या यंत्रांत तर मोटार थांबवतच नाहीत. दाब भरला की सक्शनचे व्हॉल्व उघडे धरतात आणि मोटार रिकामी फिरते, कारण एवढी मोटार तासात पुन्हा पुन्हा चालू-बंद करणं वाइंडिंगला मानवत नाही. तुमचं यंत्र यातलं कोणतं, ते घेतानाच विचारा.

लाईन आली की आपोआप सुरू: इथं बोटं जातात

आता सगळ्यात महत्त्वाचं.

आपल्याकडं शेतीच्या फीडरला लाईन पाळीनं मिळते. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं महाऔष्णिक वीज केंद्र आहे, वीज आपल्या जिल्ह्यातूनच जाते, तरी आपण लाईनची वाट पाहतो. लाईन रात्री दोनला आली तर मोटार सुरू करायला कोण जाणार? त्यातून हे जंगलाचं शिवार. राजुऱ्याच्या जंगलात आरटी-१ वाघ ऑक्टोबर २०२० मध्ये पकडला जाईपर्यंत सांजेला बांधावर जायची लोकांची छाती होत नव्हती, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून शेतकऱ्यानं पंपाला ऑटो स्विच लावला. महावितरण ‘ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा’ असं सांगत असतं, कारण लाईन येताच सगळे पंप एकदम उठले की डीपीवर ताण येतो. त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पण शेतकऱ्यानं तो का लावला, हेही मला कळतं. त्याला मी दोष देणार नाही.

पण तीच सवय कंप्रेसरला लावणं साफ चूक आहे. पंप विहिरीत असतो, त्याच्याजवळ कोणी हात घालून बसलेला नसतो. कंप्रेसर शेडमध्ये असतो. बेल्ट उघडा, पुली उघडी, बाजूला पोरगा तेल पाहत असतो, बेल्टचा ताण पाहत असतो. लाईन गेली म्हणूनच तर तो त्या कामाला बसलेला असतो. ओळखीच्या एका शेडमध्ये असंच झालं. लाईन नव्हती, कामावरचा मुलगा बेल्टवरचा भुसा काढत होता. लाईन आली, प्रेशर स्विच लागलेलाच होता, यंत्र सुरू झालं. उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली. वय एकोणीस. तो आता कापूस वेचतानाही डाव्या हातानं वेचतो.

मी पाहायला गेलो तेव्हा जोडणी साधी होती: फेज, प्रेशर स्विच, काँटॅक्टरची कॉईल, दुसरा फेज. संपलं. टाकीचा दाब कमी असला की स्विच लागलेला राहणार, लाईन आली की मोटार फिरणार. वायरमनला विचारलं तर म्हणे, ‘असंच करतेत भाऊ सगळे. बटन कोण दाबत बसन?’

बटन दाबत बसावंच लागत नाही, ही यातली मुद्द्याची गोष्ट. एक जास्तीचा छोटा रिले लावला की दोन्ही साधतं. माझ्या पॅनेलची रचना शब्दांत सांगतो, तुमच्या वायरमनला वाचून दाखवा:

१. कंट्रोलची लाईन एका फेजमधून छोट्या फ्यूजमार्गे निघते. मग क्रमानं लाल इमर्जन्सी बटन, फेज प्रिव्हेंटरचा संपर्क, ओव्हरलोड रिलेचा बंद संपर्क (९५-९६) आणि साधं स्टॉप बटन.

२. त्यापुढं हिरवं स्टार्ट बटन. त्याला समांतर त्या छोट्या रिलेचाच एक उघडा संपर्क. हिरवं दाबलं की रिले ओढला जातो आणि स्वतःला धरून ठेवतो.

३. या धरलेल्या लाईनवरूनच पुढं प्रेशर स्विच, आणि प्रेशर स्विचमधून स्टार्टरची कॉईल.

होतं काय? सकाळी एकदा हिरवं दाबलं की दिवसभर दाबाप्रमाणं मोटार आपोआप चालू-बंद होते. पण लाईन गेली, ओव्हरलोड उडाला, फेज गेला किंवा कोणी लाल दाबलं, तर छोटा रिले सुटतो. लाईन परत आली तरी यंत्र मुकाट बसून राहतं. माणूस येऊन, शेडमध्ये कोणी बसलंय का ते पाहून, हिरवं दाबेल तेव्हाच सुरू. एका रिलेची आणि दोन वायरींची गोष्ट आहे. त्या मुलाच्या दोन बोटांची किंमत त्याहून कमी होती का?

आणखी एक. प्रेशर स्विचमधून मोटारीचा करंट नेऊ नका. तो फक्त कॉईलला लाईन द्यायला आहे. दहा एचपीचा करंट त्याच्या संपर्कातून नेला तर संपर्क वितळून चिकटतात आणि मग दाब भरला तरी मोटार थांबत नाही.

ओव्हरलोड: मोजून लावायचा, दाबून नाही

ओव्हरलोड रिलेवर एक चकती असते. नेमप्लेटवर जो अँपिअर आहे, त्यावर ती लावायची. रिले वारंवार उडतो म्हणून चकती वर वर नेत जाणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं. कोणी कोणी तर ९५-९६ च्या मध्ये वायर टाकून रिले ‘काढून’ टाकतात. दिसायला रिले जागेवर, काम शून्य.

स्टार-डेल्टात एक बारकावा आहे. रिले मोटारीच्या वाइंडिंगच्या वाटेत, म्हणजे मेन काँटॅक्टरच्या खाली बसवलेला असेल, तर त्याच्यातून पूर्ण करंट जात नाही, ५८ टक्केच जातो. नेमप्लेटवर १५ अँपिअर असेल तर रिले ८.७ वर पाहिजे. तिथं १५ वर लावला तर मोटार जळून जाईल आणि रिलेला पत्ता लागणार नाही.

रिलेवर ऑटो आणि मॅन्युअल असा रिसेटचा पर्याय असतो. मॅन्युअलवरच ठेवा. उडाला तर का उडाला ते पाहायला माणूस आलाच पाहिजे.

आपल्या भागात दुसरा शत्रू म्हणजे एक फेज जाणं. डीपीवर एक फ्यूज उडाला, मोटार चालू असेल तर ती दोन फेजवर ओढत राहते आणि उरलेल्या वायरींत करंट १.७३ पटीच्या आसपास जातो. बंद असेल तर उठत नाही, नुसती घुमते आणि काही मिनिटांत वाइंडिंगचा वास येतो. म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर पाहिजेच. पंपाला दोन फेजवर कंडेन्सर लावून चालवायची युक्ती बऱ्याच जणांना येते. कंप्रेसरवर ती चालवू नका. भारात उठताना मोटार बसेल.

तिसरा शत्रू ऊन. मोटारीच्या पाटीवर वातावरणाचं तापमान ४०, ४५ किंवा ५० अंश असं दिलेलं असतं. मे महिन्यात आपल्याकडं बाहेरच पारा पंचेचाळिशी ओलांडतो, टिनाच्या शेडमध्ये तर विचारूच नका. ४० ची मोटार असेल तर दुपारी तिच्याकडून पूर्ण काम मागू नका. शेडला दोन्ही बाजूंनी हवा खेळती ठेवा. फ्लायव्हीलचा पंखा भिंतीला चिकटवू नका, निदान हात-दीड हात जागा सोडा.

कॉईल, फेजचा क्रम, अर्थिंग

कारखान्याचं पॅनेल सोबत मिळालंच, तर लगेच लाईन देऊ नका. आधी काँटॅक्टरच्या कॉईलवरचा आकडा वाचा. कारखान्यात बरेचदा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर लावून ११० व्होल्टवर कॉईल चालवतात. आपल्या शेतीच्या स्टार्टरची कॉईल दोन फेजमध्ये ४१५ वर असते, कारण बांधावर न्यूट्रलचा भरवसा नसतो. ११० च्या कॉईलला ४१५ दिले की पहिल्याच दिवशी धूर. २३० ची कॉईल असेल तर न्यूट्रल पक्का आहे का ते पाहा. जमिनीत खिळा ठोकून न्यूट्रल घेतला असेल तर ते काम बंद करा. त्यानं कॉईल फडफडते आणि ओल्या जमिनीत माणसाला झटका बसू शकतो.

फिरण्याची दिशा तपासा. फ्लायव्हील किंवा बेल्टगार्डवर बाण असतो. उलटं फिरलं तर पंख्याची हवा सिलिंडरवर जात नाही, आणि ज्याला तेलाचा पंप आहे त्याला तेलच मिळत नाही. स्क्रू जातीचा कंप्रेसर तर उलटा काही सेकंदच फिरला तरी मोठं नुकसान होतं. एकदा तपासलं म्हणजे झालं असं नाही. लाईनचं किंवा डीपीचं काम झालं की फेजची अदलाबदल होऊ शकते. पंप उलटा फिरला तर पाणी कमी येतं, आपल्याला कळतं. कंप्रेसर उलटा फिरला तरी हवा देत राहतो, म्हणून कळत नाही. फेजचा क्रम पाहणारा प्रिव्हेंटर मिळतो, तोच घ्या.

अर्थिंग दोन. एक नाही, दोन. थ्री फेज मोटारीच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थ जोडण्या पाहिजेत, असं विजेच्या सुरक्षा नियमांतच आहे. एक तुटली तर दुसरी असते. बेल्टगार्ड, टाकी, पॅनेलची पेटी, सगळं त्यात जोडा. आणि यंत्रापासून हाताच्या अंतरावर मेन स्विच पाहिजे, ज्याला बंद करून कुलूप घालता येईल. दुरुस्ती करणाऱ्याच्या खिशात त्या कुलपाची चावी.

प्रेशर स्विच हा सेफ्टी व्हॉल्व नाही

वायरिंग कितीही चांगली केली तरी संपर्क कधीतरी चिकटतो. तेव्हा वाचवतो तो टाकीवरचा सेफ्टी व्हॉल्व, आणि त्याला वीज लागत नाही. सात किलो दाब म्हणजे काय, ते पाहा: टाकीच्या आतल्या दर चौरस सेंटिमीटरला सात किलोची रेटणी. टाकीचं बाजूचं झाकण ५० सेंटिमीटर व्यासाचं असेल तर त्या एका झाकणावर साडेतेरा टनांहून जास्त जोर बसलेला असतो. एवढा जोर जुन्या पत्र्यावर असतो, आणि तो पत्रा आतून पाण्यानं गंजलेला असू शकतो. बाहेरून रंग मारलेला असतो, त्यावर जाऊ नका. पाण्याच्या दाबावर टाकी तपासून घ्या, हवेच्या नाही. खालचा ड्रेन रोज उघडा. सेफ्टी व्हॉल्वच्या जागी बोल्ट ठोकलेला दिसला तर त्या यंत्राचा सौदा तिथंच सोडा.

मीटर कोणतं?

हे कडू आहे, पण लिहितो. शेतीपंपाच्या जोडणीवर कंप्रेसर चालवणं अनेकांना सोपं वाटतं. वीज अधिनियम २००३ च्या कलम १२६ मध्ये, ज्या कामासाठी वीज मंजूर आहे ते सोडून दुसऱ्या कामाला वापरली तर तो अनधिकृत वापर धरतात. दालमिल असो की टायरचं काम, ते पंपाचं काम नाही. शिवाय पाच एचपीच्या मंजूर भारावर दहा एचपी टाकला तर डीपीवरच्या शेजाऱ्याशी तंटा ठरलेला. उपविभागीय कार्यालयात अर्ज करून वेगळी जोडणी घ्या, कोणत्या दरात बसते ते लेखी घ्या.

‘इतके दिवस काही झालं नाही’

हे सगळं मी बोलतो तेव्हा दोन उत्तरं येतात. पहिलं, ‘काकाजी, आमचं तीन वर्षं झाले डायरेक्टच चालू हाये, काहीच नाई झालं.’ ज्याचं झालं तो हे वाक्य बोलायला येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या पोरालाही आदल्या दिवशीपर्यंत काही झालं नव्हतं.

दुसरं, ‘खर्च किती?’ खर्च आहे, नाकारत नाही. स्वस्तातल्या यंत्राला वर पॅनेलचा खर्च म्हटला की जिवावर येतं. पण एकदा मोटार जळाली की रिवाइंडिंग, गाडीभाडं आणि ऐन हंगामात थांबलेलं काम, हे सगळं धरून बघा. मी सौदा करतानाच पॅनेलचे पैसे बाजूला काढले आणि तेवढं यंत्र कमी भावात मागितलं. मिळालं. विकणाऱ्यालाही माहीत असतं की पॅनेल नाही.

वायरमनलाही सगळा दोष देऊ नये. तो आपण मागतो तेच करतो. आपणच म्हणतो, ‘आजच चालू करून दे, कमीत करून दे.’ तो रिले काढून देतो. परवानाधारक वायरमनला नीट मजुरी द्या आणि त्याच्याकडून जोडणीचा नकाशा कागदावर घ्या. तो कागद पॅनेलच्या दारात आतून चिकटवा. दोन वर्षांनी दुसरा माणूस दुरुस्तीला आला तर अंदाजानं वायरी ओढणार नाही. आपल्या घरातली, नात्यातली पोरं आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड करतात. डीओएल आणि स्टार-डेल्टा स्टार्टर त्यांच्या अभ्यासात असतो. त्यांना शेडमध्ये बोलवा, दाखवा, त्यांनाच विचारा. गावात असं काम नीट करणारा एक पोरगा तयार झाला तर दहा शेडचं भलं होईल.

माझं मत काहींना टोकाचं वाटेल, तरी सांगतो. शेतकरी गट किंवा उत्पादक कंपनी जुनं यंत्र घेत असेल, तर ‘पॅनेल आणि टाकीची तपासणी झाल्याशिवाय पूर्ण पैसे नाही’ असा ठराव आधी करावा. गटाच्या यंत्रावर काम करणारा पोरगा गटाचा मालक नसतो. त्याला नाही म्हणायची सोय नसते. म्हणून नाही आपण म्हणायचं.

पहिल्यांदा चालू करण्याआधी हे सात तपासा:

१. मेन बंद, कुलूप, दोन्ही अर्थ घट्ट.
२. कॉईलचा व्होल्टेज आणि आपली लाईन जुळते.
३. ओव्हरलोड नेमप्लेटप्रमाणं (डेल्टाच्या आत असेल तर ५८ टक्के), रिसेट मॅन्युअल.
४. बेल्ट काढून मोटार एक क्षण फिरवा, दिशा बाणाप्रमाणं आहे.
५. बेल्टगार्ड लावलेला.
६. चालू असताना मेन पाडा, परत लावा. यंत्र आपोआप उठलं तर वायरिंग नापास.
७. दाब भरू द्या. वेळेवर बंद झालं, फुस्स होऊन थांबलं, सेफ्टी व्हॉल्वची कडी ओढल्यावर हवा सुटली, तर पास.

यातला सहावा मुद्दा आज संध्याकाळीच करून बघा. पाच मिनिटं लागतात आणि पैसा लागत नाही. मेन पाडून परत लावल्यावर तुमचा कंप्रेसर आपोआप उठला, तर उद्या वायरमनला बोलवा आणि तोवर त्या शेडमध्ये पोराला पाठवू नका.